दप्तर मराठीत आलं, आता खुर्चीवर कोण?



आम्ही गिरणीची माणसं. शाळा चार इयत्ता, पुढचं शिक्षण साच्यावर आणि गेटसभेत. म्हणून सरळच विचारतो. आपल्या आचऱ्यासारख्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की अर्ज भरायला आपल्यातलं माणूस पुढं का येत नाही?

संयुक्त महाराष्ट्र कशासाठी मागितला? नुसता नकाशा रंगवायला? १९५५ च्या नोव्हेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत गोळ्या चालल्या. शंभरावर माणसं गेली, त्यांत गिरणी कामगार होते. कारभार आपल्या भाषेत चालला तर चार बुकं शिकलेल्यालाही कागद वाचता येईल, जाब विचारता येईल, हीच त्यातली गोम होती. १ मे १९६० ला राज्य मिळालं. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. पंचायतीचं दप्तर आज मराठीत आहे. ते उघडायला अजून दुसऱ्याची वाट बघायची?

कुणी म्हणतो, ‘आमका त्यातला काय कळता?’ अहो, गिरणगावात गावची खोली कोण चालवत होतं? एका खोलीत वीस-वीस माणसं, पाळीप्रमाणे झोपणारी. भाडं, खानावळ, आजाऱ्याची वर्गणी, सगळा पै-पैचा हिशेब. चिटणीस, खजिनदार आपणच निवडले. पंचायतीत तरी काय निराळं असतं? घरपट्टी, पाणीपट्टी आली किती. दिवे, विहीर, पाखाडी यांवर गेली किती.

आणि आचऱ्याची गावपळण! रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री अख्खा गाव वेशीबाहेर. म्हातारी, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, सगळ्यांची सोय गावच करतो. कलेक्टर येऊन झोपड्या बांधून देत नाही. हे ज्यांना जमतं त्यांना नळाची पाइप घालून घेणं जमणार नाही?

मुंबईचंच बघा. एके काळी पालिकेत मत होतं ते कर आणि भाडं भरणाऱ्याला. वीसजणांच्या खोलीत वळकटी टाकणाऱ्याला कोण विचारतो? १९४८ पासून सर्व सज्ञानांना मत मिळालं. १९५७ ला समितीने पालिका जिंकली, आणि मीरत खटल्यात तुरुंग भोगलेले लाल बावट्याचे कॉम्रेड मिरजकर १९५८ साली महापौर झाले.

तेव्हा अडचण अकलेची नाही, भिडेची आहे. देवळात मान ज्याचा त्याला, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पालखीपुढं कोण उभं राहील हे पंचायत ठरवत नाही, मग पंचायतीत कोण बसेल हे सभामंडपात का ठरावं? बिनविरोध म्हणजे गावाची एकी, असं सांगतात. कधी असतेही. पण चार घरांनी ओसरीवर बसून यादी केली आणि बाकीच्यांनी मान हलवली, तर त्याला आम्ही एकी म्हणणार नाही.

आता कायदा. वय २१ पुरं हवं आणि नाव गावच्या मतदार यादीत हवं. पक्षाचं चिन्ह ग्रामपंचायतीला नसतं, म्हणजे तिकिटासाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको. सरपंच २०२२ पासून पुन्हा थेट मतदारच निवडतात. नाव मुंबईच्या यादीत असलेल्या चाकरमान्याला गावात उभं राहता येत नाही, आणि ते बरंच आहे. गावात राहतो त्यानेच गावचं बघावं. मुंबईच्या मंडळाने पैसे जरूर पाठवावेत, उमेदवार पाठवू नयेत!

२०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. मनीऑर्डर उशिरा आली तरी ज्या माउलीने शेत, सासू आणि पोरं सांभाळली, तिच्याहून चांगला खजिनदार आम्हाला तरी ठाऊक नाही. पण तिला सहीपुरती बसवून मागून नवरा कारभार करणार असेल, तर त्या घराला मत देऊ नका.

निवडणूक लांब असली तरी काम आजच आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवायचा रिवाज आहे. तिथं जा, जमाखर्च मोठ्याने वाचायला लावा. यादीत नाव आहे का ते बघा. आणि युनियनच्या कचेरीत फॉर्म भरून देणारा एखादा पोरगा असेल, तर त्याला मे महिन्यात चार दिवस गावी धाडा.