कमान कीं कडी?

आमच्या शेजारच्या एका गांवांत जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. पटावर एकशें बारा मुलें. यंदा जत्रेच्या वेळीं गांवानें आणि मुंबईस पोटापाण्यासाठीं गेलेल्या गांवकऱ्यांनीं मिळून शाळेसाठीं वर्गणी काढली, ती एक लाख चाळीस हजार रुपये भरली. हा पैसा कसा खर्चावा हें ठरविण्यासाठीं शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरली होती. आम्ही मुद्दाम जाऊन बसलों. गांवाचें नांव येथें देत नाहीं. असा प्रकार दहा गांवांत चालतो, खाई त्याला खवखवे.

सभा सकाळीं अकराची. दिवस ऐन खुरपणीचे. त्या वेळीं सभेस येणार कोण? मुख्याध्यापक आले, समितीचे अध्यक्ष आले, सरपंचांचे बंधु आले, एक ठेकेदार आला (हा कोणत्या नात्यानें आला तें आम्हांस शेवटपर्यंत कळलें नाहीं), आणि हाताला काम नसलेले पांचसात इसम आले. समितीच्या वहींत सात बायांचीं नांवें आहेत. त्यांतली एकही हजर नव्हती. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, शिपाई संध्याकाळीं वही घेऊन घरोघर फिरतो व सह्या, आंगठे आणतो. म्हणजे ठराव सकाळीं आणि संमति संध्याकाळीं!

वाचकहो, कायदा काय म्हणतो तें एकदां नीट ऐकून ठेवा. शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणें सरकारी शाळेच्या समितींत चार हिश्श्यांपैकीं निदान तीन हिस्से मुलांचे आईबापच असले पाहिजेत, निम्म्या बाया असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणांत जागा दिली पाहिजे. सरकारी अनुदान कसें खर्च होतें त्यावर नजर ठेवणें आणि शाळेच्या विकासाचा आराखडा करणें हीं या समितीचीं कामें आहेत. ज्या माणसाच्या बापजाद्यांना शाळेच्या ओट्याखालीं उभें केलें, त्याच्याच हातीं कायद्यानें शाळेच्या तिजोरीची किल्ली दिली. आणि आम्ही ती किल्ली खुंटीला टांगून शेतावर जातों.

आतां सभेंत काय झालें तें सांगतों. पहिल्या पांच मिनिटांतच कमानीचा विषय निघाला. शाळेच्या फाटकावर सिमेंटची कमान, तिच्यावर शाळेचें नांव, दोन्ही खांबांवर देणगीदारांचीं नांवें संगमरवरांत. ठेकेदारानें खिशांतून कागद काढला. त्यावर आंकडा होता सव्वा लाख. माना हलल्या. मुख्याध्यापक ठराव लिहूं लागले.

इतक्यांत खिचडी शिजविणारी बाई दारांत येऊन उभी राहिली. ती समितीची सभासद नाहीं, पण तिची नात सातवींत आहे. ती म्हणाली, "गुर्जी, कमानीतनं पोरी आत येतील ओ, पर आत आल्यावर त्यांनी जायाचं कुठं? मोटार जळून दोन म्हैनं झालं."

एकदोघे हंसले. मुख्याध्यापक म्हणाले, "मावशी, तो विषय पुढच्या सभेला घेऊं." पण बाई हलली नाहीं, आणि आम्हीही उठून मागें पाहून आलों. मुलींसाठीं वेगळें शौचालय बांधलेलें आहे. भिंतीवर रंगीत चित्रें आहेत, उद्‌घाटनाची फरशी आहे. दाराला कडी नाहीं. टाकींत पाणी नाहीं. झाडायला माणूस नाहीं, म्हणून दाराला बाहेरून कुलूप आहे. सातवींतल्या पोरी महिन्यांतून चार दिवस घरीं राहतात आणि हजेरीपटावर त्यापुढें "आजारी" असें लिहितात. वयांत आलेल्या मुलीचा कोणता आजार हा? कडीची किंमत शेंदीडशें रुपये असेल.

हें शौचालय बांधायला पैसा मिळाला, पण तें धुवायला मिळत नाहीं, यांतच सारें आलें. बांधकामाला नारळ फुटतो, छायाचित्र निघतें, ठेकेदाराचें पोट भरतें. झाडणाऱ्या बाईच्या पगाराचें उद्‌घाटन कोण करणार? सरकारच्या समग्र शिक्षा योजनेंतून पटाप्रमाणें शाळेला वर्षाचें अनुदान ठरलेलें आहे. शंभरावर व अडीचशेंपर्यंत पट असेल तर पन्नास हजार रुपये, आणि त्यांतला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करावा असा नियम आहे. पण त्याच पन्नास हजारांत विजेचें बिल, खडू, दुरुस्ती, सारें भागवायचें, आणि रक्कम उशिरा व तुकड्यातुकड्यांनीं हातीं पडते, असें मुख्याध्यापकांनींच आम्हांस सांगितलें. त्यांची अडचण खरी आहे. मग गांवानें घामाचा पैसा गोळा केला तो अशा अडलेल्या कामासाठींच ना?

कमानवाल्यांच्या बाजूनें एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती खोटी नाहीं. कोसभरावर खाजगी इंग्रजी शाळा निघाली आहे. तिला मोठें फाटक आहे, पिवळी गाडी दारांत येते. गांवांतलीं वीस मुलें तिकडे गेलीं. पट उतरला कीं शिक्षक कमी होतो; वीसहून कमी पटाच्या शाळांची माहिती सरकारनें २०२२ सालीं मागविली, तेव्हांपासून खेड्यांतल्या लोकांच्या पोटांत गोळा उठलेला आहे. कमान पाहून चार मुलें परत येतील ही भाबडी आशा आहे, पण ती शाळेच्या प्रेमाची आहे. आम्ही एवढेंच विचारतों: जी आई इंग्रजी शाळेचा विचार करते ती फाटक पाहते कीं पोरीला पाणी मिळतें का तें पाहते?

आम्हीं तेथेंच पाटीवर हिशेब मांडला. नवी मोटार, टाकीची दुरुस्ती, कड्या, कुलपें मिळून पंधरा हजार. झाडणाऱ्या बाईला महिना दोन हजारप्रमाणें दहा महिन्यांचे वीस हजार. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या सात मुली उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यानें चालत येतात. त्यांना रिक्षा लावली तर महिना चार हजारप्रमाणें चाळीस हजार. झाले पंचाहत्तर हजार. उरलेले पासष्ट हजार बँकेंत ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षीं बाईला "आतां येऊं नकोस" म्हणण्याची पाळी येणार नाहीं. ठेकेदार हा हिशेब पाहून चहा न घेतांच गेला.

रयतेच्या पैशावर रयतेचा ताबा नसला कीं काय होतें, हें आपल्या लोकांना नवीन नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देतांना महात्मा फुल्यांनीं हेंच दुखणें सांगितलें होतें कीं, महसूल कष्टकऱ्यांच्या घामांतून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांकडे पाहा. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. तेथें जातीपातीचीं पोरें एका पंक्तीस जेवलीं. लक्ष्मीबाईंनीं त्या पोरांच्या जेवणासाठीं अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धां मोडलें. त्या माउलीचें मंगळसूत्र कमानीला गेलें नाहीं, तें भाकरीला गेलें.

समितीच्या हातांत कांहींच नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं गणवेशाची गोष्ट आठवावी. २०२४-२५ सालीं गणवेशाचें काम समित्यांकडून काढून वरून एकदम कापड देण्याचा घाट घातला गेला. कित्येक शाळांत निम्मे वर्ष उलटलें तरी पोरांना कपडे मिळाले नाहींत, मिळाले ते कोणाला आंखूड, कोणाला ढगळ. शेवटीं २०२५-२६ पासून तें काम पुन्हा समित्यांकडे आलें. गांवच्या शिंप्याला गांवच्या पोराचें माप ठाऊक असतें.

त्या दिवशीं ठराव अर्धाच लिहून राहिला. अध्यक्ष माणूस सरळ आहे; ते म्हणाले, पुन्हा सभा घेऊं. आमची त्यांना विनंति आहे कीं, ती सभा रात्रीं आठ वाजतां, भाकरी थापून झाल्यावर, शाळेच्या पटांगणांत घ्या. आदल्या दिवशीं दवंडी द्या, वस्तीवरही द्या. सातही बायांना पुढें बसवा आणि पहिला शब्द त्यांचा घ्या. खिचडीवाल्या बाईला सभासद नसली तरी बोलूं द्या. वही त्या रात्रीं पटांगणांतच ठेवा, शिपायाच्या काखेंत नको. गेल्या तीन वर्षांच्या पावत्याही बरोबर आणा. आम्ही कंदील घेऊन येतों.