पिंपापेक्षा माती मोठी

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये वर्षाकाठी साधारण ३८० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या जेमतेम निम्मा. तोही जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत. मेपासून सप्टेंबर संपेपर्यंत आभाळ कोरडे. महाराष्ट्रात खरिपाची पिके पावसाच्या आधारानेच वाढतात. इथे सगळे उलटे आहे. भेंडी, वांगी, टोमॅटो, दुधी यांना पाणी हवे असते ते नेमके थेंबही न पडणाऱ्या महिन्यांत, आणि पाऊस येतो तेव्हा गारठ्याने झाडांची वाढ मंदावलेली असते. परसबागेतल्या पाऊसपाण्याचा हिशेब इथूनच मांडावा लागतो.

एक हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे ६२० गॅलन, म्हणजे २,३०० लिटरच्या आसपास पाणी जमा होते. काही सांडले, काही उडून गेले, तरी हंगामाची बेरीज तीस हजार लिटरच्या घरात जाते. बाजारात मिळणारे नेहमीचे पिंप मात्र ५० ते ५५ गॅलनचे, दोनशे लिटरचे. एवढ्या छपराखाली ते अडीच मिलिमीटर पावसातच भरून वाहू लागते. आता खर्चाची बाजू. जुलैत माती आणि पाने मिळून दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी उडवतात. शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला रोज ४५ लिटर तरी लागतात. मार्चमध्ये भरून ठेवलेले पिंप जुलैत चार-पाच दिवसांत कोरडे. सह्याद्रीच्या गडांवर चार महिन्यांचा पाऊस वर्षभर पुरवायचा म्हणून कातळात टाकी खोदली गेली; ते काम पिंपाच्या आवाक्यातले नव्हे.

तेव्हा पिंप उन्हाळ्यासाठी राखून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. ते हिवाळ्यातच भरत आणि रिते करत राहावे. दोन पावसांच्या मध्ये कधी कधी दोन-तीन आठवडे कोरडे जातात. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, लसूण, हरभरा ही रब्बीची मंडळी सनीव्हेलच्या सौम्य हिवाळ्यात खुशाल येतात, आणि त्या खंडात त्यांना हे पाणी उपयोगी पडते. एक पिंप हंगामात दहा वेळा भरले तर दोन हजार लिटर वापरात येतात. जपून ठेवले तर दोनशे.

उरलेले पाणी, म्हणजे खरे तर बहुतेक सगळेच, मातीत मुरवावे. चांगली पोयट्याची माती मीटरभर खोलीत सुमारे दीडशे मिलिमीटर पाणी झाडांसाठी धरून ठेवते. वीस चौरस मीटर बागेखाली याचे तीन हजार लिटर होतात: पंधरा पिंपे, तीही फुकट आणि जागा न अडवणारी. यासाठी पन्हळीचा खाली उतरणारा पाइप गटाराकडे न नेता बागेतल्या उथळ खळग्याकडे वळवायचा. खळगा सहा-आठ इंच खोल आणि घराच्या पायापासून किमान दहा फूट दूर असावा. सनीव्हेलमध्ये बऱ्याच ठिकाणी माती चिकण आहे, म्हणून आधी हातभर खड्डा खणून, पाण्याने भरून पाहावा. दोन दिवसांतही पाणी ओसरले नाही तर जागा बदलावी किंवा कंपोस्ट घालून माती सुधारावी. वर तीन इंच लाकडाच्या चिपांचे आच्छादन हवेच. ते नसेल तर वसंतातले ऊन ही कमाई झपाट्याने संपवते. असे मुरलेले पाणी खोल मुळांच्या फळझाडांना सर्वांत मानवते. हे गाव एकेकाळी जर्दाळू, चेरी आणि प्रूनच्या बागांचे होते. कम्युनिटी सेंटरजवळ शहराने जर्दाळूची एक बाग अजून राखली आहे. बागांच्या त्या काळात विहिरींच्या बेसुमार उपशाने सांता क्लारा खोऱ्यातली जमीन खचली, सॅन होजेत तर जवळपास चार मीटर.

पिंप बसवताना काही गोष्टींत हयगय नको. भरलेले पिंप दोनशे किलोंच्या वर जाते आणि हा भूकंपाचा प्रदेश आहे. बैठक सपाट, भक्कम हवी आणि पिंप भिंतीला पट्ट्याने बांधलेले हवे. तोंडावर डास शिरणार नाहीत अशी बारीक जाळी लागते. कोरड्या उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसाबरोबर छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि एखाद्या वर्षी वणव्यांची राखही उतरते. ते पाणी सोडून द्यावे. पिंपातले पाणी पिण्याचे नाही. डांबरी शिंगल्सच्या छपरावरून आलेले पाणी पालेभाजीच्या पानांवर न ओतता मुळाशी द्यावे. ठिबकच्या नळ्या पिंपाला जोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण मीटरभर उंचीने मिळणारा दाब त्यांना पुरत नाही. झारी बरी.

कायद्याची आडकाठी नाही. २०१२च्या कॅलिफोर्निया कायद्याने छपरावरचे पाणी साठवण्यासाठी जलहक्काच्या परवान्याची गरज उरली नाही, आणि जून २०१८मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव ७२मुळे अशी सोय केली म्हणून मालमत्ता कर वाढत नाही. पंप बसवायचा किंवा टाकी घरच्या नळाला जोडायची असेल तर मात्र शहराच्या बांधकाम विभागाकडे चौकशी करावी. सांता क्लारा खोऱ्याची जलसंस्था ‘व्हॅली वॉटर’ पिंपे, मोठ्या टाक्या आणि पाणी मुरवणारे खळगे या तिन्हींसाठी अनुदान देते. त्याच्या अटी खरेदीनंतर नव्हे, आधी वाचाव्यात, आणि तिन्हींपैकी एकच करणे शक्य असेल तर खळगा निवडावा.