नहाणी ट्रॅपमधले दोन इंच पाणी

खोडाळा : शौचालय बांधले, त्याचे छायाचित्र काढले, अनुदान खात्यात जमा झाले आणि गाव हागणदारीमुक्त म्हणून कागदावर नोंदलेही गेले, पण घरात येणाऱ्या दुर्गंधीचे काय, हा प्रश्न कोणत्याही तपासणी तक्त्यात विचारला जात नाही. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील खोडाळा आणि आसपासच्या पाड्यांच्या संदर्भात हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. ज्या भागात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तेथे मोरीच्या वासाची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. वस्तुतः या दोन गोष्टी एकमेकींशी घट्ट जोडलेल्या आहेत. किंबहुना, पाण्याची टंचाई हेच घरातील दुर्गंधीचे पहिले कारण आहे.

खोडाळा हे कसाऱ्याहून विहीगावमार्गे येणाऱ्या रस्त्यावरील बाजाराचे गाव. प्राथमिक आरोग्य केंद्र, दुकाने, शासकीय कामांनिमित्त होणारी वर्दळ यांमुळे गेल्या काही वर्षांत येथील घरांचे रूप पालटले. कारवीच्या कुडाच्या जुन्या घरांत मोरी परसात असे. दगडी फरशीवरून वाहणारे पाणी अळूच्या वा केळीच्या मुळाशी जिरे आणि उरलेला वास वारा घेऊन जाई. सिमेंटच्या घरांनी मोरी आत आणली, तिला लागून शौचालय आणले आणि दोहोंचे नळ जमिनीखाली एकत्र नेले. तालुक्यातील खेड्यांत भुयारी गटार नाही. साहजिकच प्रत्येक घराच्या मागे त्याचे स्वतःचे सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा आहे. म्हणजे स्वयंपाकघर आणि मैल्याचा खड्डा यांच्यामध्ये आता केवळ एका नळीचे अंतर उरले आहे. ही नळी पाणी बाहेर नेते, तशीच ती खड्ड्यातील वायू आत आणू शकते, याचे भान मात्र घर बांधणाऱ्याला नसते, आणि पुष्कळदा मिस्त्रीलाही नसते.

हा वायू अडविण्याची युक्ती अडीचशे वर्षांची आहे. लंडनमध्ये घड्याळे बनविणाऱ्या अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश कारागिराने १७७५ साली शौचकूपाच्या नळीला इंग्रजी 'एस' अक्षरासारखा बाक देऊन त्याचे पेटंट घेतले. बाकात पाणी साचून राहते, मैला व सांडपाणी त्यातून पुढे ढकलले जाते. पण वायूला ते पाणी भेदून मागे येता येत नाही. आजही पाण्याने साफ होणारी बहुतेक शौचालये, बेसिन आणि मोऱ्या याच तत्त्वावर चालतात. आपल्याकडे मोरीच्या भोकाखाली जे भांडे बसवतात त्याला तर नावच 'नहाणी ट्रॅप' आहे. न्हाणी हा आपल्याच घरातला शब्द. तो देशभरातील प्लंबिंगच्या दुकानांत आणि अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी उभे असावे लागते. ग्रामीण शौचालयांसाठी जे तीव्र उताराचे भांडे वापरतात, त्याच्या कोंबड्यात तर अवघे २० मिलिमीटर पाणी असते, कारण ते दीड-दोन लिटर पाण्यात साफ व्हावे अशी त्याची रचना आहे. पाण्याचा हा पातळ पडदा हेच घराचे एकमेव कवच होय.

आता हा पडदा मोखाड्याच्या ऋतुचक्रात ठेवून पाहावा. दिवाळीनंतर या भागातील असंख्य आदिवासी कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण परिसरात वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी जातात; परततात ती पावसाळ्याच्या तोंडावर. तेवढे महिने घर बंद. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात २० मिलिमीटर पाणी आटायला फार दिवस लागत नाहीत. कुटुंब परतते तेव्हा दार उघडताच घर घाणीने भरलेले असते आणि दोष शौचालयाला दिला जातो. जी कुटुंबे गावातच राहतात त्यांचीही स्थिती फार वेगळी नाही. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणारी बाई मोरीत ओतण्यासाठी तांब्याभर पाणी वेगळे काढणार नाही, आणि तिने ते काढावे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, हाही प्रश्नच आहे. याच तालुक्यात कोचाळे येथे उभारलेल्या मध्य वैतरणा धरणातून २०१४ पासून मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची व्यवस्था झाली. महानगरातील लाखो ट्रॅप ज्या पाण्याने भरलेले राहतात ते येथून जाते, आणि येथील ट्रॅप कोरडे पडतात.

पावसाळ्यात चित्र उलटे होते. वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटरच्या घरातील पाऊस, वर मातीचा पातळ थर आणि खाली काळा कातळ. पाणी जिरायला जागाच नसल्याने शोषखड्डे तुडुंब भरतात. खड्ड्यातील पाण्याची पातळी वाढली की वरचा वायू वाट शोधतो आणि सर्वांत सोपी वाट घराच्या दिशेने असते. त्यातच अनेक ठिकाणी पत्र्यावरचे पावसाचे पाणीही सोयीसाठी त्याच चेंबरमध्ये सोडलेले असते. मग मोरीतून गुडगुड आवाज येतो, शौचालयाचे पाणी उतरत नाही आणि वासाने घरात बसवत नाही.

दुर्गंधी नेमकी कोठून येते हे शोधण्यासाठी यंत्राची गरज नाही. क्रम पाळला तर पुरे. पहिला प्रश्न वेळेचा. घर बंद राहिल्यानंतर वास येत असेल तर ट्रॅप आटला आहे, असे धरून चालावे. घरातील प्रत्येक भोकात, न वापरातल्या मोरीतसुद्धा, दोन-दोन लिटर पाणी ओतावे आणि दारे-खिडक्या उघडून थोडा वेळ थांबावे. वास गेला तर शोध तेथेच संपला. शौचालयात पाणी टाकले की शेजारच्या मोरीतून गुडगुड होऊन वास येत असेल, तर दोष वायुनलिकेचा. नळीतून वेगाने जाणारे पाणी मागे पोकळी निर्माण करते आणि ती पोकळी शेजारच्या ट्रॅपमधील पाणी ओढून घेते. छतापर्यंत गेलेली वायुनलिका असेल तर हवा तिच्यातून येते आणि ट्रॅप भरलेला राहतो. खर्च वाचविण्यासाठी ही नळीच गाळलेली असते, किंवा ती खिडकीच्या खाली संपवलेली असते, किंवा तिच्या तोंडाशी पक्ष्यांनी घरटे केलेले असते. पाऊस पडल्यावरच वास येत असेल तर खड्डा पाहावा, घर नव्हे.

सतत, बाराही महिने येणाऱ्या वासाचे कारण बहुधा अधिक घरगुती असते. नहाणी ट्रॅपच्या जाळीखाली एक उलटी वाटी असते. केस व साबणाचा गाळ अडकून पाणी हळू उतरू लागले की ती वाटी काढून फेकून दिली जाते. पाणी झटकन उतरते, सगळे समाधानी होतात, आणि ट्रॅप हा केवळ उघडा नळ बनतो. असा प्रकार शहरांतील सदनिकांमध्येही सर्रास आढळतो, तेव्हा दोष केवळ खेड्याच्या माथी मारण्याचे कारण नाही. बाजारात ही वाटी किरकोळ किमतीला मिळते. बेसिनची लवचीक नळी जमिनीच्या भोकात नुसती खुपसलेली असणे, हे दुसरे कारण. नळी आणि भोक यांच्यामधील फट रबरी कड्याने बंद केली की काम होते. तिसरे कारण म्हणजे शौचालयाचे भांडे आणि खालचा ट्रॅप यांच्या सांध्यातील भेग. ती ओळखण्यासाठी भांड्याभोवतीची फरशी कोरडी पुसून पाणी टाकावे व ओल कोठे उमटते ते पाहावे. मोरीच्या भोकाशी उदबत्ती धरून धूर कोणत्या दिशेला जातो, ही जुन्या प्लंबरांची परीक्षाही उपयुक्त आहे. मात्र ती घरातल्या मोरीपुरतीच ठेवावी. चेंबरचे वा टाकीचे झाकण उघडून तेथे ज्योत किंवा निखारा नेणे म्हणजे मिथेन वायूशी खेळ होय.

उपायांमधील सर्वांत मोठी चूक बाटलीतून येते. वास आला की फिनेल, आणि फिनेलने भागले नाही की ॲसिड. फिनेल नाकाची फसवणूक करते एवढेच. ॲसिड त्याहून घातक. गाळात साचलेल्या गंधकाच्या संयुगांवर ॲसिड पडले की हायड्रोजन सल्फाइड अधिकच सुटतो. ब्लीचिंग पावडरीशी ते मिसळले तर क्लोरीन तयार होतो. शिवाय सांध्यातील सिमेंट खाल्ले जाते आणि टाकीत मैला कुजविणारे जिवाणू मरतात ते वेगळेच. गाळ हाताने किंवा ब्रशने काढून गरम पाण्याने ट्रॅप धुणे, हाच खरा इलाज. महिनोन्महिने बंद राहणाऱ्या घरासाठी तर त्याहून सोपी गोष्ट आहे. निघण्यापूर्वी ट्रॅप भरून त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडावे. तेलाचा थर बाष्पीभवन रोखतो. मोरीच्या भोकावर फरशीचा तुकडा ठेवून कडा ओल्या मातीने लिंपून घेतल्या तरी चालते.

हा केवळ नाक मुरडण्याचा विषय नाही. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात सार्सचा जो उद्रेक झाला, त्याच्या तपासात न्हाणीघरांतील कोरडे पडलेले ट्रॅप हा एक महत्त्वाचा दुवा आढळला. रहिवासी फरशी पुसून काढत, पाण्याने धूत नसत. त्यामुळे ट्रॅप आटले आणि पंख्याच्या ओढीने मलवाहिनीतील दूषित तुषार घराघरांत शिरले. तीनशेहून अधिक लोक बाधित झाले आणि ४२ जण दगावले. हाँगकाँगच्या गगनचुंबी इमारती आणि खोडाळ्याची बैठी घरे यांची तुलना अर्थातच होऊ शकत नाही. पण ट्रॅपमधील पाण्याचे काम दोन्हीकडे एकच आहे.

आणखी एक धोका अधिक जवळचा आहे. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास दशलक्षात एका भागाहून कमी प्रमाणातही जाणवतो. पण हेच प्रमाण शंभराच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणून टाकीत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. राज्यात आणि देशात अशा दुर्घटना वर्षानुवर्षे घडत आहेत. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली, तर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तरीही घरातला वास जाईना म्हणून टाकी उघडून 'जरा आत बघ' असे मजुराला सांगणारे घरमालक कमी नाहीत. ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून जे समजले असते, त्यासाठी माणसाचा जीव पणाला लावला जातो.

आता प्रश्न पैशांचा आणि नियोजनाचा. स्वच्छ भारत अभियानातून वैयक्तिक शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळत आले. या अभियानाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी त्याकरिता दरडोई २८० रुपयांची तरतूद ठरली. पंधराव्या वित्त आयोगानेही ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेशी बांधून दिला होता. निधी अगदीच नव्हता असे म्हणता येत नाही. मात्र सांडपाण्याचे काम म्हटले की रस्त्याच्या कडेने उघडे सिमेंटचे गटार बांधायचे, ही सवय सुटलेली नाही. गटार दिसते, त्याचे मोजमाप होते, देयक निघते. घरातील दहा सांध्यांचे मोजमाप कोण घेणार?

ग्रामीण भागासाठी शिफारस केलेले दोन शोषखड्ड्यांचे शौचालय या दृष्टीने अधिक शहाणपणाचे आहे. त्यात वायू भोवतालच्या मातीत जिरतो, वायुनलिका लागत नाही आणि एक खड्डा भरला की दुसरा वापरता येतो. तरीही पत आणि हौस म्हणून मोठे सेप्टिक टँक बांधले जाते आणि त्याचे सांडपाणी ओढ्याकडे सोडले जाते. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्याच्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारे आणि त्यांबरोबर डासही हटविले. तो प्रयोग राज्यभर वाखाणला गेला. मोखाड्यात त्याचे जसेच्या तसे अनुकरण मात्र चालणार नाही. चार फूट खोदल्यावर कातळ लागणाऱ्या जागी खड्डा हा खड्डा राहत नाही, हौद होतो. येथे मोरीचे पाणी मैल्याच्या खड्ड्यापासून पूर्णतः वेगळे काढून परसबागेत सोडणे, म्हणजे कुडाच्या घरातील जुनीच रीत नव्या घराला लावणे, अधिक व्यवहार्य ठरेल. तसे केल्यास मोरी आणि खड्डा यांचा संबंधच तुटतो आणि उन्हाळ्यात ट्रॅप आटला तरी घरात शिरायला वायूच नसतो. शौचालयाचे भांडे तेवढे ओले ठेवावे लागते.

हे करायला लागते ती नळीची वेगळी दिशा, आणि ती ठरते फरशी बसण्यापूर्वी. खोडाळा परिसरात घरकुलांची कामे करणारे मिस्त्री बहुधा स्थानिकच आहेत. त्यांच्यासाठी पंचायत समितीने दोन दिवसांचे प्रशिक्षण घेणे, आणि घरकुलाच्या अंतिम हप्त्यापूर्वी होणाऱ्या पाहणीत जाळी उचलून खाली वाटी व पाणी आहे की नाही हे पाहणे, यासाठी स्वतंत्र योजनेची आवश्यकता नाही. पाहणीच्या तक्त्यात दोन रकाने वाढवावे लागतील. त्यातला पहिला नहाणी ट्रॅपचा आणि दुसरा, सांडपाण्याची नळी कोठे जाऊन संपते याचा.