छातीवर मिरवलेला जुगार

लंडनच्या पूर्व भागात वेस्ट हॅम युनायटेड नावाचा जुना फुटबॉल क्लब आहे. २०१५ ते २०२५ अशी दहा वर्षे या क्लबच्या जर्सीवर, छातीच्या मधोमध, बेटवे या सट्टा कंपनीचे नाव झळकत होते. सामन्याआधी एखादा बाप आपल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन क्लबच्या दुकानात गेला, की एक गंमत दिसे. बापाच्या मापाच्या जर्सीवर ते नाव ठळकपणे छापलेले असे. मुलाच्या मापाच्या जर्सीवर मात्र ती जागा कोरी! रंग तोच, क्लबचे बोधचिन्ह तेच, फक्त छाती रिकामी.

ही छापखान्याची चूक नव्हे. जुगाराच्या कंपनीचे नाव लहान मुलांच्या मापाच्या कपड्यांवर छापायचे नाही, असा ब्रिटनमध्ये नियम आहे आणि तो या धंद्यातल्या कंपन्यांनी स्वतःच मान्य केलेला आहे. नियम चांगलाच आहे. पण नियम करणाऱ्यांनी नकळत एक कबुलीही देऊन टाकली आहे. जे नाव मुलाच्या अंगावर नको, ते काही साबणाचे किंवा सायकलीचे नाव नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

आणि या नियमाने मुलाचे रक्षण तरी किती होते? कोरी जर्सी घालून तो बापाशेजारी मैदानात बसतो. समोर त्याचे अकरा लाडके खेळाडू तेच नाव छातीवर मिरवत धावत असतात. मैदानाभोवतीच्या फलकांवर तशीच नावे सरकत असतात. गोल झाला की कॅमेरा खेळाडूच्या छातीवर जातो. मुलाच्या अंगावर नाव नसले, तरी डोळ्यांत ते भरतेच.

एका टायरवाल्यापासून सुरुवात

खेळाडूच्या छातीची किंमत असते, हे इंग्लंडला तसे उशिराच कळले. जानेवारी १९७६ मध्ये केटरिंग टाउन या छोट्या क्लबने ‘केटरिंग टायर्स’ या स्थानिक दुकानाचे नाव जर्सीवर लावले. फुटबॉल असोसिएशनचे माथे भडकले. नाव ताबडतोब काढा, असा हुकूम सुटला. क्लब वस्ताद निघाला. त्याने ‘टायर्स’मधले पहिले अक्षर तेवढे ठेवले आणि हे अक्षर ‘टाउन’चे आहे, असे सांगितले! दंडाची धमकी आली तेव्हा तेही निघाले. पण पुढच्याच वर्षी असोसिएशनने जर्सीवरील जाहिरातींना परवानगी दिली आणि १९७९ मध्ये लिव्हरपूलसारखा बडा क्लब हिताची हे जपानी नाव छातीवर घेऊन खेळू लागला.

टायर, दूरदर्शन संच, बिअर, विमान कंपन्या अशी रांग लागली. २००२ मध्ये फुलहॅम क्लबच्या जर्सीवर बेटफेअर हे नाव आले आणि प्रीमियर लीगमध्ये सट्ट्याच्या कंपनीने जर्सीवर पाऊल ठेवले. २००५ चा जुगारविषयक कायदा २००७ मध्ये लागू झाला. त्याने दूरचित्रवाणीवर सट्ट्याच्या जाहिरातींची वाट मोकळी केली. मग मात्र पूरच आला. २०२४-२५ च्या हंगामात प्रीमियर लीगच्या वीसपैकी अकरा क्लबांच्या छातीवर जुगाराच्या कंपन्यांची नावे होती.

यातल्या काही जर्सींवर तर चिनी लिपीतली अक्षरेही दिसत. इंग्लंडच्या प्रेक्षकाला ती वाचताही येत नसत. मग ती कुणासाठी? प्रीमियर लीगचे सामने आशियाभर पाहिले जातात आणि चीनमध्ये अशा सट्ट्याला बंदी आहे. जिथे थेट जाहिरात करता येत नाही, तिथे इंग्रज खेळाडूच्या छातीवर बसून घराघरात शिरायचे, असा हा मागच्या दाराचा मार्ग.

कूपन आणि मोबाइल

‘फुटबॉल आणि पैज यांची ओळख काय आजची आहे?’ असे क्लबांची बाजू घेणारे विचारतात. खरेच, ती जुनी आहे. १९२० च्या दशकापासून इंग्लंडमधल्या कामगारांच्या घरी ‘पूल्स’चे कूपन येत असे. आठवडाभराच्या सामन्यांचे अंदाज भरायचे, थोडे पैसे लावायचे आणि शनिवारी संध्याकाळी रेडिओवर निकाल ऐकायचे. नशीब उघडले तर घर होई; नाही तर चहा पिऊन लोक झोपी जात.

पण तो जुगार आठवड्यातून एकदाचा होता. निकालासाठी थांबावे लागे, आणि त्या थांबण्यातच माणसाला भान यायला अवधी मिळे. आजचा सट्टा खिशातल्या मोबाइलवर आहे. पुढचा कॉर्नर कुणाला मिळेल, पुढचे पिवळे कार्ड कोण घेईल, यावर सामना चालू असतानाच पैसे लागतात. सामना संपला तरी त्याच मोबाइलवर फिरती चक्रे आणि पत्ते हजर असतात. मध्यरात्री तीन वाजताही दुकान उघडे! हरलेला माणूस हरलेले परत मिळवायला पुन्हा बसतो, आणि त्याला ‘आता पुरे’ म्हणणारे जवळ कुणी नसते. आपल्याकडे मटक्याच्या आकड्यापायी संसार उधळलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

इथे जर्सीवरच्या पैशाचा उगम ध्यानात येतो. टायर कंपनी जाहिरात देते, कारण ती टायर विकते. घेणाऱ्याला पैशाच्या बदल्यात टायर मिळतो. सट्टा कंपनीची कमाई म्हणजे गिऱ्हाइकांनी हरलेली रक्कम, दुसरे काही नाही. सतत जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पैजेवर या कंपन्या मर्यादा घालतात, हे त्या धंद्यात सर्वांना माहीत असते. हरणाऱ्यावर मात्र मोफत पैजांची खैरात होते. म्हणजे क्लबला मिळणारा धनादेश शेवटी हरणाऱ्यांच्याच खिशातून येतो, आणि त्या हरणाऱ्यांत क्लबचे स्वतःचे भक्तही असतात.

एका घराची कहाणी

शेफील्डच्या चार्ल्स आणि लिझ रिची या दांपत्याचा मुलगा जॅक सतरा वर्षांचा असताना शाळेच्या मधल्या सुट्टीत मित्रांबरोबर सट्ट्याच्या दुकानात जाऊ लागला. जेवणासाठी दिलेले पैसे तिथल्या यंत्रांत जात. घरात प्रेम होते, शिक्षण होते. आईवडिलांना कळल्यावर त्यांनी पोराला सावरायची शिकस्त केली. तो सावरला, पुन्हा घसरला, पुन्हा सावरला. नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवीत असताना, चोविसाव्या वर्षी, त्याने आपले जीवन संपवले.

मार्च २०२२ मध्ये शेफील्डच्या चौकशी न्यायालयाने त्याच्या मृत्यूला जुगार कारणीभूत ठरल्याचे नोंदवले. जुगाराच्या धोक्यांची पुरेशी माहिती त्याला व त्याच्या घरच्यांना मिळाली नाही आणि उपचारही अपुरे पडले, असेही म्हटले. जॅकला जर्सीने जुगारी केले, असे कुणी म्हणत नाही. पण रिची दांपत्याने ‘गॅम्बलिंग विथ लाइव्ह्ज’ ही संस्था उभी केली, आणि तिच्याशी जोडलेल्या ‘द बिग स्टेप’ या मोहिमेतले लोक एका मैदानापासून दुसऱ्या मैदानापर्यंत पायी चालत जाऊन क्लबांना एकच गोष्ट सांगत आले: हे नाव उतरवा. चालणाऱ्यांत जुगारातून बाहेर पडलेले तरुण असतात, मुले गमावलेले आईबापही असतात. ज्या क्लबवर त्यांनी जीव लावला, त्याच क्लबच्या दारात त्यांना ही विनवणी करावी लागते!

खेळाडूला एक न्याय, क्लबला दुसरा

२०१४ पासून इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंना जगातल्या कोणत्याही फुटबॉल सामन्यावर पैज लावायला मनाई आहे. नियम योग्यच, नाही तर निकालावर विश्वास कोण ठेवणार? मे २०२३ मध्ये ब्रेंटफर्डचा आघाडीपटू आयव्हन टोनी याने हा नियम २३२ वेळा मोडल्याचे सिद्ध झाले. त्याला आठ महिने खेळण्यास बंदी झाली आणि पन्नास हजार पौंड दंड झाला. त्याला जुगाराचे व्यसन असल्याचे तज्ज्ञाने सांगितले होते आणि शिक्षा ठरवताना ते विचारात घेतले गेले.

टोनीची चूक होतीच. पण त्या काळात ब्रेंटफर्डच्या जर्सीवर नाव कुणाचे होते? हॉलिवूडबेट्स या सट्टा कंपनीचे! दर आठवड्याला ज्याची जाहिरात छातीवर घेऊन धावायचे, त्याला स्वतः हात लावला तर शिक्षा. आणि खेळाडूला त्या जाहिरातीला नकार देण्याची सोय क्वचितच असते. २००६ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिया क्लबचा फ्रेडेरिक कानुटे याने धर्माला जुगार मान्य नाही म्हणून जर्सीवरचे सट्ट्याचे नाव झाकले, तर त्याची जगभर बातमी झाली. नकार किती दुर्मीळ आहे, ते यावरून कळावे.

क्लबांचेही म्हणणे ऐकायला हवे. हा धंदा कायदेशीर आहे, सज्ञान माणसाने आपला पैसा कसा घालवावा हे इतरांनी का ठरवावे, असे ते म्हणतात. मोठ्या क्लबांना विमान कंपन्या आणि बँका मिळतात. लहानांना सर्वांत जास्त पैसे सट्टेवालेच देतात. स्टोक शहरात तर बेट३६५ ही कंपनी हजारो लोकांना रोजगार देते आणि तिथला क्लबही त्याच मालक कुटुंबाचा आहे. या बोलण्यात तथ्य आहे. पण कायदेशीर असणे आणि मिरवण्याजोगे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ल्यूटन टाउनसारखा गरीब क्लब २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगमध्ये खेळला, तोही सट्ट्याचे नाव छातीवर न घेता.

आणि सिगारेटचे काय झाले? १९९० च्या दशकात भारतीय क्रिकेटपटूंच्या कपड्यांवर विल्स हे नाव होते. १९९६ ची विश्वचषक स्पर्धाही त्याच नावाने झाली. तेव्हाही ‘हा पैसा गेला तर खेळ मरेल’ असे म्हटले जाई. २००१ मध्ये आयटीसी कंपनी क्रिकेटमधून बाहेर पडली, २००३ मध्ये तंबाखूच्या जाहिरातींवर व प्रायोजकत्वावर बंदी घालणारा कायदा आला. क्रिकेट मेले नाही; उलट अधिकच श्रीमंत झाले.

छातीवरून बाहीवर

एप्रिल २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी एकत्रितपणे ठरवले, की २०२५-२६ च्या हंगामानंतर सामन्याच्या जर्सीवर छातीच्या जागी जुगाराचे नाव घ्यायचे नाही. तेव्हा आठ क्लबांचे असे करार होते आणि त्यांची किंमत वर्षाला सहा कोटी पौंडांच्या घरात असल्याचा अंदाज होता. इतका पैसा स्वेच्छेने सोडणे सोपे नव्हे, म्हणून कौतुक करायला हरकत नाही. पण निर्णय छातीपुरताच आहे. बाही मोकळी, मैदानाभोवतीचे फलकही मोकळे. छातीवर जे अयोग्य, ते दंडावर योग्य कसे? इटलीने २०१८ च्या कायद्याने आणि स्पेनने २०२० च्या आदेशाने क्लबांच्या अशा करारांना सरसकट आळा घातला. तिथे छाती आणि बाही असा भेद उरला नाही.

हा प्रश्न आपल्या दारापर्यंतही आला. जुलै २०२३ मध्ये ड्रीम ११ या कंपनीने ३५८ कोटी रुपयांत तीन वर्षांसाठी भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरची जागा घेतली. हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असे तिचे म्हणणे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कौशल्य की नशीब हा वाद बाजूला ठेवून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि तो करार मध्येच संपला. सप्टेंबरमध्ये भारतीय संघ आशिया चषकात प्रायोजकाच्या नावाविना कोऱ्या जर्सीत उतरला, आणि चषक जिंकून परतला. पुढे एका टायर कंपनीचे नाव त्या जागी आले. धावा काढायला छातीवर कुणाचे नाव लागत नाही, हे त्या पंधरवड्यात सर्वांनी पाहिले.

जर्सी म्हणजे रस्त्यावरचा फलक नव्हे. फलकाकडे माणूस पाहतो आणि पुढे जातो. जर्सी तो जपतो, वाढदिवसाला मुलाला देतो, फाटली तरी टाकत नाही. कंपनी पैसे मोजते ते कापडाच्या तुकड्यासाठी नव्हे, या मायेसाठी. ती माया विकण्याचा हक्क क्लबला कुणी दिला?

पोराला जर्सी घेताना आईबापांनी तिच्यावर काय छापले आहे, ते एकदा वाचावे, आणि त्याने अर्थ विचारला तर टाळू नये. उत्तर देताना जीभ अडखळली, तर ते नाव तिथे नसायला हवे होते, एवढे नक्की समजावे. इंग्लंडच्या दुकानांनी मुलांच्या मापाची जर्सी कोरी ठेवून हे कधीच मान्य केले आहे. आता बापाच्या मापाच्या जर्सीलाही, बाहीसकट, तोच न्याय लागू करायचा आहे.