सगळ्यांना परवानगी देणं हा उपाय नव्हे!



आमच्या शाळेच्या संगणक कक्षात एक जुना संगणक आहे. त्यावर उबुंटू टाकलंय. मुलांची वेगवेगळी खाती आहेत आणि माझ्या खात्यात प्रत्येक मुलाच्या वाचनाच्या नोंदी असतात. एसएसएच सर्व्हर चालू असल्याने मी स्टाफरूममध्ये बसूनच लॅपटॉपवरून त्यात लॉगिन करते. पासवर्डऐवजी किल्लीची फाईल वापरते. दिवाळीच्या सुट्टीत हार्डडिस्क बदलली, उबुंटू नव्याने टाकलं, जुने फोल्डर परत आणले आणि लॉगिनच बंद!

एका जाणकाराने सांगितलं, "मॅडम, सगळ्या फोल्डरला ७७७ द्या, प्रश्न मिटेल." ७७७ म्हणजे कुणीही वाचा, कुणीही बदला, कुणीही चालवा. मी दिलं. तरी लॉगिन होईना.

माझं स्पष्ट मत आहे, हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, उलटा आहे. ओपनएसएसएचमध्ये 'स्ट्रिक्टमोड्स' ही सेटिंग मुळातच चालू असते. किल्ली स्वीकारण्याआधी सर्व्हर बघतो, की होम फोल्डर, त्यातला '.एसएसएच' फोल्डर आणि 'ऑथराइज्ड कीज' ही फाईल त्या वापरकर्त्याच्या किंवा रूटच्या मालकीची आहे का? दुसऱ्या कुणाला त्यात लिहिता येतं का? कुणीही तिथे स्वतःची किल्ली घुसवू शकत असेल, तर कुलपाला अर्थ काय? म्हणजे ७७७ देऊन मी दार उघडलं नव्हतं, उलट नकाराचं आणखी एक कारण दिलं होतं.

खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडलं. मालकी चुकीची होती. लिनक्स फाईलवर मालकाचं नाव नाही, क्रमांक लिहून ठेवतो. आपल्या हजेरीपटासारखंच समजा. वह्यांवर नुसते रोल नंबर घातले आणि पुढच्या वर्षी नंबर बदलले, तर वही भलत्याच मुलाच्या हातात जाते. माझा जुना क्रमांक १००१ होता. नव्याने खाती करताना क्रम बदलला आणि मी १००२ झाले. माझे फोल्डर दुसऱ्याच्या नावावर गेले!

मग त्या संगणकासमोरच बसून 'चाउन' या आज्ञेने माझ्या होम फोल्डरची मालकी परत माझ्याकडे घेतली. ही आज्ञा फक्त आपल्या फोल्डरपुरती चालवा, अख्ख्या डिस्कवर नाही. नंतर होमला ७५०, '.एसएसएच'ला ७०० आणि किल्ल्यांच्या फाईलला ६०० दिलं. लॉगिन लगेच झालं. बाकीच्या फायलींचं ७७७ काढत बसावं लागलं, ते वेगळंच. आणखी एक लक्षात ठेवा. किल्ल्यांची फाईल 'सुडो' लावून बनवली तर ती रूटची होते, आणि ६०० असेल तर आपल्यालाच वाचता येत नाही.

पण मला खरी चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. तेवढा वेळ कुठल्याही मुलाला दुसऱ्याच्या नोंदी वाचता आल्या असत्या, बदलताही आल्या असत्या. कुणाला वाचायला अडतं हे वर्गात जाहीर करायची गोष्ट नाही. पालकांनी ती माहिती आपल्यावर विश्वास टाकून दिलेली असते.

म्हणून संगणक अडला की 'परवानगी किती द्यायची?' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'ही फाईल कोणाची?'