लोणारचं वय काय?

दोस्तांनो, बुलढाणा जिल्ह्यात राहून लोणारच्या काठावर सेल्फी काढला नाही असा कोणी आहे का? मीही काढलाय. मागच्या हिवाळ्यात पुन्हा गेले, तेव्हा बारावीतला मावसभाऊ सोबत होता. त्याने विचारलं, "ताई, हा खड्डा किती जुना?" मी ठसक्यात सांगितलं, "५२ हजार वर्षं." लहानपणापासून तेच ऐकलेलं. त्याने मोबाईल पुढे केला. त्यावर होतं ५ लाख ७० हजार!

दहापटीहून जास्त फरक. मला तर रागच आला. शास्त्रज्ञांचंच एकमत नसेल, तर विश्वास ठेवायचा कशावर?

मी कॉमर्सवाली, तरी घरी येऊन वाचत बसले. पहिला आकडा १९९० च्या दशकातल्या एका पद्धतीचा. दुसरा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला, आर्गॉन वायू मोजून काढलेला. आकाशातून पाषाण आदळला तेव्हा इथला काळा बेसाल्ट वितळला आणि त्यात साठलेला आर्गॉन बराचसा उडून गेला. म्हणजे घड्याळ शून्यावर आलं. पुढे खडकातल्या पोटॅशियम-४० चे अणू एकेक करून क्षय पावत राहिले आणि त्यातून नवा आर्गॉन साठत गेला. तो मोजला की वय कळतं.

आता खरी गंमत. यातला कुठला अणू कधी क्षय पावेल, हे कोणालाच सांगता येत नाही. आपलं यंत्र कमी पडतं म्हणून नाही. क्वांटम सिद्धांताचं नेहमीचं म्हणणं असं, की ते आधी ठरलेलंच नसतं. ठरलेली असते ती फक्त शक्यता. आइन्स्टाइनला हे शेवटपर्यंत रुचलं नाही. पण असे अब्जावधी अणू एकत्र घ्या, १२५ कोटी वर्षांत त्यातले निम्मे संपणार म्हणजे संपणार. एकाचा भरवसा नाही, पण सगळ्यांचा मिळून इतका पक्का, की त्यावर घड्याळ लावावं!

आणि हे फक्त खडकात नाही. हेच पोटॅशियम तुमच्या-माझ्या अंगात आहे. तुम्ही हे वाचताय तेव्हाही शरीरातले चारेक हजार अणू दर सेकंदाला असेच क्षय पावताहेत. कोणते? ठरलेलं नाही. हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ स्वतःच्या हाताकडेच बघत बसले.

म्हणजे 'माहीत नाही' दोन प्रकारचं असतं. लोणारच्या वयाचं 'माहीत नाही' आपलं आहे. नमुने कुठले घेतले, जुना आर्गॉन किती शिल्लक राहिला, यावर ते अवलंबून. मेहनत केली की ते कमी होतं. अणूचं 'माहीत नाही' मात्र निसर्गाचं आहे. हायझेनबर्गने १९२७ मध्ये इलेक्ट्रॉनबद्दल तेच दाखवलं. त्याची जागा आणि त्याचा संवेग, दोन्ही एकाच वेळी हवे तितके अचूक सांगता येत नाहीत.

हे सांगायचं कारण म्हणजे आपल्या मोबाईलवर फिरणारे रील्स. 'क्वांटम एनर्जी'ने पेपर सोपा जाईल, मनात आणाल ते विश्व देईल, वगैरे. राव, अणू कोणाचंच ऐकत नाही! क्वांटम अनिश्चितता म्हणजे 'काहीही होऊ शकतं' असं नव्हे. तिचं गणित फार कडक असतं. तुमच्या इच्छेने त्यातली शक्यता तसूभरही हलत नाही.

आपल्याला निश्चित उत्तराची ओढ असते, हे मला कळतं. आपल्याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पाऊस-पिकाचं भाकीत ऐकायला गर्दी जमते. पेरणी डोक्यावर असलेल्या माणसाला 'सांगता येत नाही' हे उत्तर नकोसंच वाटणार. निकालाची वाट बघणाऱ्या आपलंही तेच. पण खोट्या खात्रीपेक्षा 'इतकं कळलंय, इतकं नाही' हे उत्तर मला जास्त भरवशाचं वाटतं.

तर पुढच्या वेळी लोणारच्या काठावर कोणी वय विचारलं, तर दोन्ही आकडे सांगा. ते कसे काढले, तेही सांगा. सेल्फी नंतर काढा.