औषध परत बोलावले, रुग्णाचे काय?

बाजारातून एखादे औषध मागे घेतल्याचे वृत्त झळकले की शासनाने आपले कर्तव्य चोख बजावले, असा समज सर्वत्र पसरतो. साठा जप्त होतो, कारखान्याला टाळे लागते, मंत्रिमहोदय कठोर कारवाईची ग्वाही देतात. पण जे औषध आधीच कोणाच्या पोटात गेले, ते कसे परत बोलावणार?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचे औषध घेतलेली बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांपैकी अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत अखेरचा श्वास घेतला. तामिळनाडूच्या औषध यंत्रणेने तपासलेल्या नमुन्यात डायएथिलिन ग्लायकॉल या विषाचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या बॅचचा वापर थांबवण्याचा इशारा दिला, आणि मध्य प्रदेश शासनाने मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ४ लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य जाहीर केले. सानुग्रह! म्हणजे कृपा म्हणून दिलेले. विष पाजले गेले त्याच्या आईबापांना न्याय म्हणून काही मिळण्याऐवजी कृपा मिळते, आणि तीही कारखानदाराच्या नव्हे, करदात्याच्या पैशातून.

मोबदला आणि मेहेरबानी यांतील भेद पनवेल-उरण पट्ट्यातील जासईला समजावून सांगण्याची गरज नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी या परिसरात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील याच गावचे. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व सरकारने पुढे मान्य केले, ते लोकांनी रक्त सांडल्यानंतर. गेलेल्या जमिनीसाठी सूत्र ठरू शकते, तर गेलेल्या मूत्रपिंडासाठी का ठरू नये?

याच जासईवरून न्हावा-शेवा बंदराकडे कंटेनरांची रांग अहोरात्र जात असते. 'जगाचे औषधालय' ही आपली बिरुदावली तेथूनही समुद्रापार जाते. गांबियातील बालमृत्यूंशी भारतीय सिरपचा संबंध असल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला. तेव्हा नाचक्की टाळण्यासाठी १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना शासकीय प्रयोगशाळेतील तपासणी बंधनकारक झाली. छिंदवाड्यात विकल्या गेलेल्या बाटलीवर असे बंधन नव्हते. परक्या मुलाची काळजी घ्यायलाच हवी; पण स्वतःच्या घरातील मुलाला त्याहून कमी लेखणारे हे कोणते राष्ट्रधोरण?

आणि हे विष आपल्याला अनोळखी होते काय? १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. तेव्हाही डायएथिलिन ग्लायकॉलच होते. न्या. लेंटिन आयोगाने खरेदी, प्रयोगशाळा, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय या साऱ्यांची लक्तरे वेशीवर टांगली. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावे लागले. चाळीस वर्षे लोटली, विष तेच राहिले.

मग पीडिताने दाद मागायची कोठे? मार्ग आहेत, पण प्रत्येकाच्या तोंडाशी एकेक धोंड आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार, भेसळयुक्त वा बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान १० लाखांचा दंड आहे. २००८ च्या दुरुस्तीनुसार हा दंड पीडिताला वा त्याच्या वारसाला भरपाई म्हणून द्यायचा असतो. उत्तम! पण त्यासाठी आधी दोषसिद्धी व्हायला हवी. शिवाय जे औषध केवळ 'अप्रमाणित दर्जाचे' ठरते, त्याच्या कलमाला ही तरतूद लागूच नाही. उलट २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्या गुन्ह्यात पैसे भरून तडजोड करण्याची मुभा दिली. विश्वास कोणाचा वाढवायचा होता, जनतेचा की कारखानदाराचा?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण आले, ही मोठीच गोष्ट. उत्पादनातील दोष सिद्ध झाल्यास, उत्पादकाने निष्काळजीपणा केला नव्हता असे म्हटले तरी तो सुटत नाही. जासईच्या रहिवाशाने त्यासाठी अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे जायचे. मुदत दोन वर्षांची. परंतु कलम ८७ वाचावे. तज्ज्ञाच्याच देखरेखीखाली द्यावयाच्या उत्पादनाबाबत उत्पादकाने त्या तज्ज्ञाला पुरेशी सूचना दिली असेल, तर इशारा दिला नाही म्हणून रुग्णाला त्याच्यावर दावा चालवता येत नाही. म्हणजे चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाचा धोका कंपनीने डॉक्टरच्या कानी घातला की तिचे हात धुतले गेले! आणि ज्या सरकारी रुग्णालयात सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयानुसार या कायद्याच्या कक्षेबाहेर. ज्याच्या गाठीशी पैसा नाही, तो ग्राहकच नाही. त्याच्यासाठी उरते दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालयातील याचिका.

यातील सर्वांत विचित्र विसंगती पुढेच आहे. नव्या औषधाच्या वैद्यकीय चाचणीत एखाद्याला इजा झाली, तर २०१९ च्या नियमांनुसार ठरलेल्या सूत्राने भरपाई मिळते. तेच औषध बाजारात आल्यावर रोख पैसे मोजून घेणारा दगावला, तर त्याच्यासाठी सूत्र नाही. औषध मागे घेण्याविषयी केंद्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांत गंभीर धोक्याच्या औषधासाठी तासांचा हिशेब आहे, माणसाचा नाही. अमेरिकेत २००४ साली रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक मागे घेतल्यावर मर्क कंपनीला २००७ मध्ये ४.८५ अब्ज डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. आपल्याकडेही २००४ मध्येच त्यावर बंदी आली. पण ज्या कलमान्वये बंदी येते, ते कलम भरपाईविषयी मौन पाळते.

म्हणून मागणी एकच. औषध मागे घेण्याचा आदेश निघताच त्या बॅचच्या पीडितांची नोंदणी सुरू व्हावी, उत्पादकांच्या अंशदानातून उभारलेल्या निधीतून चाचणीच्याच सूत्राने अंतरिम भरपाई मिळावी, आणि दोष कोणाचा हा वाद शासनाने कंपनीशी नंतर घालावा.

तोवर औषधाची बाटली, वेष्टन, डॉक्टरची चिठ्ठी आणि बॅच क्रमांक असलेली पावती कोणीही टाकून देऊ नये. शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून औषध तपासून घेण्याचा अधिकार सामान्य नागरिकालाही आहे, आणि फौजदारी फिर्याद बाधित व्यक्तीला वा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेलाही दाखल करता येते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, ती अशाच एकाकी माणसाच्या पाठीशी उभे राहण्यासाठी. रायगडमधील ग्राहक कार्यकर्त्यांनी हे अधिकार गावोगावी सांगावेत, आणि या जिल्ह्यातील आमदार-खासदारांना कलम ८७ तील ती पळवाट त्यांनी वाचली आहे काय, हे जाहीर सभेत विचारावे.